‘तर’, ‘तरच’ आणि ६४ मिलिमीटर : तर्क, भाषा, मन यांवर वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतून सहा प्रश्न निवडले आहेत. पत्रं लांब होती, प्रश्नापुरता मजकूर ठेवला आहे.

माझी मुलगी तत्त्वज्ञानात पीएच.डी. करते. तिच्या मार्गदर्शक बाईंचं संशोधन ‘तर्क, भाषा आणि मन’ यावर आहे. गावात लोक विचारतात, ‘‘पोरगी नेमकं काय करायलीय?’’ प्रयोगशाळा नाही, सर्वेक्षण नाही. मग संशोधन कशाचं? – एक पालक, परभणी

एक वाक्य घेऊ : ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत.’ याचे दोन अर्थ निघतात. एक, एकही आला नाही. दोन, सगळे आले असं नाही, निदान एक जण तरी गैरहजर आहे. हे अर्थ सुटे करून लिहिणं हे पहिलं काम. मग अशी परिस्थिती रचायची की एक अर्थ खरा ठरेल आणि दुसरा खोटा. ४० च्या वर्गात २५ जण आलेत असं धरा : पहिला अर्थ खोटा, दुसरा खरा. आता मराठी बोलणाऱ्यांना विचारायचं, या वर्गाबद्दल हे वाक्य बोलता येईल का?

नवखे इथे हमखास चुकतात. ते उदाहरणाला रिकामा वर्ग घेतात. पण एकही आलेला नसेल तेव्हा दोन्ही अर्थ खरेच असतात, त्यामुळे ऐकणाऱ्यानं ‘हो, चालेल’ म्हटलं तरी हाती काही लागत नाही.

त्यानंतर शब्द बदलून पाहायचे. ‘सगळे काही आले नाहीत’ म्हटलं की दुसराच अर्थ उरतो. ‘एकही आला नाही’ यात पहिलाच. ‘कुणीच आलं नाही’ चालतं, ‘कुणीच आलं’ मात्र कानाला खटकतं. ‘नाही’चा अंमल वाक्यात कुठून कुठपर्यंत चालतो, याचा नकाशा असा एकेका वाक्यानं तयार होतो. अंमल चिन्हांनी दाखवण्याची पद्धत जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ मध्ये दिली. त्याआधीच्या अ‍ॅरिस्टॉटलच्या चौकटीत ‘प्रत्येक शेतकऱ्यावर कुठल्या तरी बँकेचं कर्ज आहे’ आणि ‘एक बँक अशी आहे की जिचं कर्ज प्रत्येक शेतकऱ्यावर आहे’ यांतला फरक नीट मांडता येत नसे. दुसऱ्यावरून पहिलं निघतं. पहिल्यावरून दुसरं निघत नाही.

यात मन कुठे आलं? धाराशिव आणि उस्मानाबाद हे एकच गाव. ‘धाराशिवला पाऊस झाला’ हे खरं असेल तर ‘उस्मानाबादला पाऊस झाला’ हेही खरं, नाव बदलून काही बिघडत नाही. पण २०२३ च्या नामांतराची खबर नसलेल्या एखाद्या परदेशातल्या भाच्याबद्दल बोलायचं झालं तर? ‘उस्मानाबादला पाऊस झाला असं त्याला वाटतं’ हे खरं असू शकतं आणि ‘धाराशिवला पाऊस झाला असं त्याला वाटतं’ हे खोटं. ‘असं वाटतं’ हे शब्द आले की अदलाबदल चालेनाशी होते. फ्रेगेंनी १८९२ मध्ये शुक्राच्या पहाटेच्या आणि सायंकाळच्या नावांवरून नाव आणि अर्थ यांचं हे कोडं मांडलं, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

मुलीसाठी एक सूचना. ‘अमुक विचारवंताच्या भाषाविचाराचा चिकित्सक अभ्यास’ असा विषय घेतला की प्रबंधाची तीनशे पानं सारांशात जातात. एकच दावा एका वाक्यात लिहावा. त्याची आधारविधानं क्रमांक घालून एकाखाली एक मांडावीत. त्यांतलं सगळ्यात कच्चं कोणतं ते स्वतःच शोधावं आणि त्यावरचा सगळ्यात जोरदार आक्षेप आपल्याच हातानं लिहावा. आक्षेप लिहिताना हात आखडला तर परीक्षक तो तोंडी परीक्षेत पुरा करतात.

आमच्याकडे फलकावर सूचना लागली : ‘घरपट्टी भरलेल्यांनाच दाखला मिळेल.’ भावानं घरपट्टी भरली, तरी दाखला मिळाला नाही. सूचना खोटी ठरली ना? – एक वाचक, भोकरदन

नाही ठरली. सगळा भार त्या ‘च’वर आहे. ‘भरलेल्यांना दाखला मिळेल’ म्हटलं असतं तर भरणं पुरेसं ठरलं असतं आणि भावाच्या प्रकरणानं सूचना सपशेल खोटी पडली असती. ‘भरलेल्यांनाच’ म्हटल्यावर भरणं आवश्यक ठरतं, पुरेसं नाही. त्यावर आणखी अटी असू शकतात. अर्थात, त्या फलकावर लिहिल्या नाहीत ही तक्रार रास्त आहे, पण ती वेगळी तक्रार आहे.

मराठीत ही तीन रूपं हाताशी ठेवावीत :

‘भरली तर मिळेल’ हे एकाच प्रसंगी खोटं पडतं : भरली आणि मिळालं नाही.
‘भरली तरच मिळेल’ हे उलट प्रसंगी : भरली नाही आणि तरी मिळालं.
‘नाही भरली तरी मिळेल’ यात भरण्या-न भरण्यानं फरकच पडत नाही.

लोक ‘तर’ ऐकून मनात ‘तरच’ करतात, ही खरी गोम. ‘पास झालास तर सायकल घेऊन देईन’ म्हटलं की पोरगं समजतं, नापास झालो तर सायकल गेली. शब्दांत तसं नसतं. हा अर्थ ऐकणारा स्वतः भरतो. मायकेल गीस आणि आर्नल्ड झ्विकी या भाषावैज्ञानिकांनी १९७१ मध्ये याचा छडा लावला. शब्दांचा अर्थ कुठे संपतो आणि ऐकणाऱ्याचा अंदाज कुठे सुरू होतो, हे पाहण्याची कसोटी तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांच्याकडून येते : तो अंदाज पुढच्याच वाक्यात मागे घेऊन पाहायचा. ‘पास झालास तर सायकल देईन, आणि नाही झालास तरी देईन’ हे जरा गमतीचं वाटतं, पण विसंगत नाही. ‘पास झालास तरच देईन, आणि नाही झालास तरी देईन’ हे मात्र धडधडीत विसंगत. म्हणजे ‘च’चा अर्थ शब्दातच बसलेला आहे, तो पुसता येत नाही.

आता सूचना पाळली गेली का, हे तपासायचं आहे. समोर चार चिठ्ठ्या ठेवल्यात. प्रत्येकीच्या एका बाजूला घरपट्टीची नोंद, दुसऱ्या बाजूला दाखल्याची. वरच्या बाजूला दिसतं : भरली, नाही भरली, दाखला दिला, दाखला दिला नाही. कमीत कमी किती आणि कोणत्या चिठ्ठ्या उलटाल? उत्तर : ‘नाही भरली’ आणि ‘दाखला दिला’, या दोनच. बहुतेकांचा हात आधी ‘भरली’कडे जातो. त्या चिठ्ठीच्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये हेच कोडं अक्षरं आणि आकड्यांत घातलं होतं : ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ समोर चार पत्ते : इंग्रजी अक्षरं ई आणि के, अंक ४ आणि ७. बरोबर जोडी ई आणि ७. दहातला एखादाच ती निवडतो. १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी कोडं तेच ठेवलं, फक्त विषय बदलला : बीअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर हवं, कोणाकोणाला तपासाल? सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी बिनचूक उत्तर दिलं. कोड्याचा सांगाडा एकच, मग फरक कशाचा? ओळखीच्या विषयाचा, की नियम मोडणाऱ्याला पकडण्याच्या सवयीचा? मनाचा अभ्यास करणारे इथे एकमेकांशी भांडतात, आणि तर्कशास्त्र माणसाच्या डोक्यात उपजत असतं असं ठामपणे म्हणणाऱ्यांना इथेच सबुरीनं घ्यावं लागतं.

‘चहा घेणार की कॉफी?’ याला आमच्या घरी ‘हो’ म्हणून उत्तर देतात आणि सगळे हसतात. हसू का येतं? – एक वाचक, लातूर

‘की’ मुळे. ‘चहा किंवा कॉफी घेणार का?’ हा हो-नाहीचा प्रश्न आहे, त्याला ‘हो’ चालतं. ‘की’ आला की दोहोंतलं एक निवडून सांगायचं असतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असतो आणि फरक आवाजाच्या चढउतारावर सोडावा लागतो. मराठीनं त्यासाठी दोन शब्द ठेवलेत. तर्कशास्त्राची क्रमिक पुस्तकं तरीही ‘किंवा’वरच थांबतात.

मोबाइलवर आता यंत्र शुद्ध मराठीत उत्तरं देतं. मुलं विचारतात, त्याला मराठी समजते का? काय सांगावं? – एक शिक्षक, अंबाजोगाई

तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्ये मांडलेला दृष्टांत मुलांना सांगा. मूळ दृष्टांत चिनी अक्षरांचा आहे. आपल्याकडे निजामकाळातल्या उर्दू नोंदी घेतल्या तर वर्गाला लवकर पटेल. एका खोलीत उर्दूचं एक अक्षरही न येणारा माणूस बसला आहे. दाराच्या फटीतून उर्दू चिठ्ठी आत येते. त्याच्याकडे जाडजूड वही आहे : अशा आकाराचं अक्षर आलं तर तशा आकाराचं लिही. तो वही पाहून रेघोट्या ओढतो आणि चिठ्ठी परत करतो. बाहेरच्याला वाटतं, आत उर्दूचा जाणकार आहे. अ‍ॅलन ट्युरिंग यांची १९५० ची कसोटी लेखी संवादावर होती : समोर माणूस आहे की यंत्र हे ओळखता येतं का? ही खोली ती कसोटी पार करते. पण उर्दू कोणाला समजली?

पहिला आक्षेप मुलं स्वतःच घेतील : माणसाला नसेल कळत, पण माणूस आणि वही मिळून जे होतं त्याला कळत असेल. सर्ल यांचं उत्तर असं की माणसानं वही पाठ करावी आणि खोलीबाहेर यावं. आता सगळी व्यवस्था त्याच्या डोक्यात आहे, तरी त्याला उर्दू येत नाहीच. हे उत्तर सर्वांना पटलेलं नाही. वर्गात हात वर करून मोजणी घेतली तर दोन तट पडतील, पडू द्यावेत.

मोबाइलमधल्या यंत्रात कोणी हातानं लिहिलेली वही नसते. प्रचंड मजकुरावरून ‘यापुढे कोणता शब्द येईल’ याचा अंदाज बांधत ते तयार होतं. पण सर्ल यांचा मुद्दा वही कोणी लिहिली याचा नव्हता. नुसत्या चिन्हांच्या हलवाहलवीनं अर्थ येत नाही, असा तो मुद्दा आहे. हे पटलं तर पटलं, पण त्यावरून ‘यंत्राला कधीच समजणार नाही’ असं मात्र निघत नाही. नियम पाळणं पुरेसं नाही, एवढंच त्यात सिद्ध होतं. मेंदूही एक यंत्रच आहे आणि ते विचार करतं, हे सर्ल स्वतः म्हणत. निबंधस्पर्धांत निम्मी मुलं इथे घसरतात आणि कधीकधी परीक्षकही.

प्रत्यक्ष चाचणी घ्यायची असेल तर जोडवाक्यं करा. ‘घागर पिशवीत मावली नाही, कारण ती फार मोठी होती.’ ‘घागर पिशवीत मावली नाही, कारण ती फार लहान होती.’ ‘ती’ म्हणजे कोण? एका शब्दानं उत्तर पालटतं. संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्या १९७२ च्या उदाहरणावरून ही तऱ्हा रूढ झाली. इंग्रजीतली वाक्यं उचलून भाषांतर करू नका. ‘भांडं पिशवीत मावलं नाही, कारण ते…’ म्हटलं की लिंगावरूनच उत्तर फुटतं आणि चाचणी वाया जाते. दोन्ही नामं एकाच लिंगाची हवीत.

यूजीसी-नेट परीक्षेच्या पहिल्या पेपरात हेत्वाभास (अनुमानातले फसवे हेतू) येतात. पाठ करते, पण उदाहरण आलं की गोंधळ होतो. – एक परीक्षार्थी, नांदेड

नावं पाठ करण्याऐवजी प्रश्नांचा क्रम पाठ करा. आधी न्यायशास्त्रातले अनुमानाचे पाच अवयव पक्के हवेत. बालाघाटाच्या डोंगरावर आग आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर आहे (हेतू). जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जशी चुलीत (उदाहरण). या डोंगरावरही तसाच, आगीशी जोडलेला धूर आहे (उपनय). म्हणून तिथे आग आहे (निगमन). डोंगर हा पक्ष (ज्याबद्दल बोलायचं तो), आग हे साध्य (सिद्ध करायचं ते), धूर हा हेतू आणि ‘जिथे धूर तिथे आग’ ही व्याप्ती. अ‍ॅरिस्टॉटलच्या संवाक्यात (तीन विधानांच्या अनुमानात) चुलीच्या उदाहरणाला जागा नाही, न्यायात ती अवयवातच आहे. परीक्षेत हा फरक विचारतात.

आता उदाहरण आलं की या क्रमानं जा. खालची उदाहरणं अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्राथमिक ग्रंथातली आहेत, प्रश्नपत्रिकेत तीच फिरून येतात.

पक्ष मुळात अस्तित्वात आहे का? ‘आकाशातलं कमळ सुगंधी आहे, कारण ते कमळ आहे’ : आश्रयासिद्ध. पक्ष आहे, पण हेतू त्याच्यावर आहे का? ‘शब्द हा गुण आहे, कारण तो डोळ्यांना दिसतो’ : स्वरूपासिद्ध. शब्द म्हणजे इथे ध्वनी. हेतू पक्षावर आहे, पण साध्य नसलेल्या जागीही सापडतो का? ‘डोंगरावर आग आहे, कारण तो ज्ञानाचा विषय आहे’ : तळंही ज्ञानाचा विषय आहे, तिथे आग कुठली? हा साधारण सव्यभिचार. हेतू साध्याच्या अभावाशीच बांधलेला आहे का? ‘शब्द नित्य आहे, कारण तो निर्माण झालेला आहे’ : विरुद्ध. तोडीस तोड दुसरं अनुमान उलट निष्कर्ष काढतं का? सत्प्रतिपक्ष. निष्कर्ष दुसऱ्या बळकट प्रमाणानं आधीच खोडला गेलाय का? ‘अग्नी थंड आहे, कारण तो द्रव्य आहे’ : बाधित, हात लावला की कळतं. शेवटच्या दोहोंत गल्लत होते. सत्प्रतिपक्षात दोन्ही बाजू समबल असतात, बाधितात नसतात.

सव्यभिचाराचे दुसरे दोन प्रकार, असाधारण आणि अनुपसंहारी, यांचे गुण सहसा जात नाहीत. पहिल्यात हेतू पक्षाबाहेर कुठेच नसतो, दुसऱ्यात जगातलं सगळंच पक्षात येतं, म्हणून उदाहरणाला काही उरत नाही.

गुण जातात ते व्याप्यत्वासिद्धावर, म्हणजे व्याप्तीच एखाद्या छुप्या अटीवर टेकलेली असते तिथे. ‘डोंगरावर धूर आहे, कारण तिथे आग आहे.’ मूळ अनुमान उलटं केलंय. वाळलेल्या तुराट्या भडभड जळतात, धूर नावाला. ओली बाभळ घातली की घर धुरानं भरतं. आगीतून धूर निघतो तो सरपण ओलं असेल तरच. हा ओलेपणा, ही छुपी अट, म्हणजे उपाधी. व्याख्या दोन अटींची आहे. जिथे साध्य (धूर) तिथे उपाधी असतेच. जिथे हेतू (आग) तिथे ती असतेच असं नाही. दोन्ही अटी तपासल्याशिवाय उपाधी म्हणू नये. आता पेच असा की आग धुराशिवायही सापडते, तापलेल्या लोखंडी गोळ्यात, म्हणून इथे व्यभिचारही (साध्याशिवाय हेतू सापडणं) आहे. मग पर्याय कोणता निवडायचा? प्रश्नात ओल्या सरपणाचा किंवा उपाधीचा उल्लेख असेल तर व्याप्यत्वासिद्ध.

आमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ६५ झाला असता तर अतिवृष्टी. एका मिलिमीटरनं काय फरक पडतो? हे तर्काला धरून आहे का? – एक शेतकरी, कळंब

एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकरी सुमारे चार हजार लिटर. एवढ्यानं सोयाबीन वाचत नाही की बुडत नाही, हे खरं. पण ‘एका मिलिमीटरनं फरक पडत नाही’ हे विधान नेहमीसाठी मान्य केलं तर काय होतं ते पाहा. १०० मिलिमीटर ही अतिवृष्टी, यावर दुमत नाही. मग ९९ सुद्धा. मग ९८. अशा ९९ पायऱ्या उतरल्या की एक मिलिमीटरची भुरभुरही अतिवृष्टी ठरते. प्रत्येक पायरी निर्दोष वाटते, तळ मात्र हास्यास्पद. खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीतून एकेक दाणा काढत गेल्यावर कितव्या दाण्याला ती रास राहत नाही, हे तेच कोडं. त्याचं श्रेय इसवीसनपूर्व चौथ्या शतकातल्या युबुलायडीझ या ग्रीक विचारवंताला देतात.

उत्तरं तीन तऱ्हांची आहेत. तत्त्वज्ञ टिमथी विल्यमसन यांचं म्हणणं, रेघ नेमकी असतेच, आपल्याला ती कळू शकत नाही. १९६५ मध्ये लोत्फी झादे यांनी अंशांश सदस्यत्वाचे संच आणले, त्यांवरून ६४ मिलिमीटर ही ‘इतक्या अंशानं अतिवृष्टी’ असं म्हणता येतं. पण ०.८७ की ०.८८ हे कोण ठरवणार? शब्द ढोबळ होता, त्याला खोटा नेमकेपणा चिकटला. किट फाइन यांची १९७५ ची मांडणी जास्त कामाची वाटते. रेघ कुठे मारायची याच्या अनेक रास्त तऱ्हा आहेत. जे सगळ्याच तऱ्हांत खरं ते खरं, जे सगळ्यांत खोटं ते खोटं, मधलं अनिश्चित. रेघ कुठेही मारा, कुठल्या तरी एका पायरीला एक मिलिमीटर फरक पाडतोच. म्हणून तुमचं ते विधान खोटं ठरतं, कोणती पायरी ते मात्र सांगता येत नाही. शासन अशा रास्त रेघांपैकी एक निवडून तिच्यावर शिक्का मारतं. ती ६० वर नेली तर ५९ वाला असंच पत्र लिहील.

तुमची तक्रार मात्र कदाचित ही नसावी. पर्जन्यमापक मंडळात एका जागी असतो, शेत तिथून काही किलोमीटरवर. यंत्रानं ६४ दाखवला त्या रात्री तुमच्या वावरात ९० कोसळला असेल, तर वाद शब्दाच्या रेघेचा राहत नाही. तिथल्या पावसावरून इथल्या पावसाचं अनुमान काढलं गेलं, म्हणजे हेतू पक्षावर नाही : वर नांदेडच्या उत्तरात सांगितलेला स्वरूपासिद्ध. पंचनाम्याच्या अर्जात एका मिलिमीटरचा मुद्दा गाळा, हा लिहा. सोबत शेताचा गट क्रमांक, पर्जन्यमापकापासूनचं अंतर आणि तारीख असलेले फोटो जोडा.